नामशेष झालेले बेटांवरचे पक्षी आणि संग्रहालयांत उरलेले त्यांचे नमुने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पक्ष्याची एखादी जात संपली की तिच्याबद्दल पुढे जे काही कळायचं ते उरलेल्या कातड्यांतून, हाडांतून आणि त्यांना बांधलेल्या चिठ्ठ्यांतूनच. काही जातींची अशी शेकडो कातडी आहेत, काहींचं एकच. डोडोपासून हवाईच्या पोओउलीपर्यंतच्या या पक्ष्यांबद्दल लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

बेटांवरचेच पक्षी इतक्या मोठ्या संख्येने का संपले?

इसवी सन १५०० नंतर नामशेष झालेल्या पक्ष्यांच्या जातींपैकी सुमारे नव्वद टक्के बेटांवरच्या आहेत. पक्ष्यांच्या बहुसंख्य जाती खंडांवर राहतात, तरीही मार बसला तो बेटांना.

दूरच्या समुद्री बेटांवर लाखो वर्षं उंदीर, मांजर, मुंगूस, माकड यांपैकी कुणी पोचलंच नव्हतं. उडायला फार शक्ती लागते, आणि पळून जाण्याचं कारणच नसेल तर पंखांवर एवढा खर्च कशाला? कित्येक जातींचे पंख पिढ्यानपिढ्या लहान होत गेले. घरटं जमिनीवर, बऱ्याचदा अंडं एकच, आणि दोन पायांवर चालत येणाऱ्या प्राण्याची भीती नाही. मग जहाजं आली. खलाशांनी पक्षी मारून खाल्ले हे खरंच, पण त्यांच्याबरोबर उतरलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि मांजरांनी जास्त नुकसान केलं. जहाज निघून गेलं तरी हे प्राणी मागे राहिले आणि अंडी-पिल्लं खात राहिले.

प्रत्येक बेटाचा शत्रू वेगळा होता. ग्वाममध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर मालवाहतुकीतून झाडावर चढणारा एक तपकिरी साप पोचला आणि तिथलं रान जवळजवळ मुकं झालं. हवाईत १८२६च्या सुमारास एका जहाजाच्या पाण्याच्या पिंपांतून डास उतरले आणि पुढे पक्ष्यांचा मलेरिया पसरला. लेसान या इवल्याशा बेटावर सोडलेल्या सशांनी सगळी हिरवळ खाऊन टाकली, तेव्हा तिच्या आडोशाला राहणाऱ्या पक्ष्यांना लपायला जागाच उरली नाही.

डोडोचं आज नक्की काय उरलं आहे?

अपेक्षेपेक्षा खूपच कमी. पिसं-कातड्यासकट पूर्ण डोडो जगात एकाही संग्रहालयात नाही.

डच जहाजं १५९८ साली मॉरिशसला लागली. डोडो पाहिल्याची सर्वसाधारणपणे मान्य असलेली शेवटची नोंद १६६२ची. फुटलेल्या जहाजावरच्या फोल्कर्ट एव्हर्ट्झ नावाच्या खलाशाने तो किनाऱ्याजवळच्या एका छोट्या बेटावर पाहिला होता. म्हणजे ओळख झाल्यापासून अवघ्या पाऊणशे वर्षांत हा पक्षी संपला, आणि त्या काळात प्राण्यांची कातडी टिकवायची चांगली रीतही कुणाला माहीत नव्हती.

सगळ्यात मोलाचा अवशेष ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे: एक डोकं आणि एका पायाची हाडं. डोडोच्या शरीराचा मऊ भाग, म्हणजे खरीखुरी कातडी, उरलेली जगात एवढीच. हा पक्षी आधी लंडनजवळच्या लॅम्बेथला जॉन ट्रॅडेस्कंट यांच्या खासगी संग्रहात होता. १६५६च्या त्यांच्या छापील यादीत त्याची नोंद आहे. तिथून तो एलियस अ‍ॅशमोल यांच्याकडे आणि त्यांच्यामार्फत ऑक्सफर्डला गेला. १७५५पर्यंत तो इतका किडला होता की ठेवण्याजोगा राहिला नव्हता. तो जाळायला काढला आणि कुणीतरी ऐन वेळी आगीतून डोकं नि पाय ओढून काढला, ही गोष्ट फार लोकप्रिय आहे. पण आगीचा पुरावा नाही. कुजलेलं धड टाकून दिलं आणि टिकण्यासारखे भाग जाणूनबुजून राखले, एवढंच घडलं. माझ्या मते खरी हकीकतच जास्त मोठी आहे. आपण काय वाचवतोय हे त्या माणसांना समजत होतं.

२०१८मध्ये वॉरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी या डोक्याचं स्कॅन केलं, तेव्हा कवटीच्या मागच्या बाजूला शिशाचे बारीक छर्रे दिसले. १६३८मध्ये लंडनमध्ये पैसे घेऊन एक जिवंत डोडो दाखवला जायचा आणि हा तोच असावा, असं तोवर बरेच जण मानत होते. पण मागून गोळी घालून मारलेला पक्षी तो कसा असेल? साडेतीनशेहून जास्त वर्षं लोकांच्या नजरेसमोर असलेल्या डोक्याने आपला मृत्यू कसा झाला ते एवढ्या उशिरा सांगितलं.

याशिवाय कोपनहेगनमध्ये एक कवटी आहे आणि प्रागमध्ये चोचीचा भाग. बाकी सगळी हाडं मॉरिशसच्या मातीतून आलेली. १८६५मध्ये जॉर्ज क्लार्क या शाळामास्तरांना मार-ओ-साँज नावाच्या दलदलीत डोडोची हाडं ढिगाने सापडली. जगभरच्या संग्रहालयांतले बहुतेक सांगाडे याच हाडांतून, म्हणजे वेगवेगळ्या पक्ष्यांचे तुकडे जुळवून, उभे केलेले आहेत. एकाच पक्ष्याचा पूर्ण म्हणावा असा सांगाडा एकच आहे, तो मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईच्या संग्रहालयात. तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एतिएन तिरियू यांनी शोधला. ते पेशाने न्हावी होते आणि फावल्या वेळात डोंगरातल्या कपारी धुंडाळायचे.

मग संग्रहालयांत पिसांसकट उभा असलेला डोडो दिसतो, तो कुठला?

ती प्रतिकृती. दुसऱ्या पक्ष्यांची पिसं लावून, जुनी चित्रं समोर ठेवून बनवलेली. जुन्या प्रतिकृती बहुधा फार लठ्ठ आहेत, कारण त्यांच्यासमोर होती ती युरोपात काढलेली गुबगुबीत डोडोंची चित्रं.

डोडो खरंच भारतात आला होता का?

हो. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी १६२८ ते १६३४ या काळात भारतात होता. सुरतेच्या वखारीत आपण मॉरिशसहून आणलेले दोन डोडो पाहिले, असं त्याने लिहून ठेवलं आहे.

दुसरा पुरावा चित्राचा आहे आणि तो मला जास्त प्रिय आहे. सेंट पीटर्सबर्गमध्ये एक मुघल चित्र आहे. त्यात मधोमध डोडो उभा आहे आणि भोवती आपल्या ओळखीचे पट्टकादंब हंस, पाखुर्डी, पोपट आणि ट्रॅगोपन हा रानकोंबड्यासारखा पक्षी. हे चित्र जहांगीरच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूर यांच्या नावे ओळखलं जातं आणि १६२५च्या आसपासचं मानलं जातं. जहांगीरला दूरदेशीच्या प्राण्यांचा नाद होता. १६१२मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून त्याच्यासाठी टर्की आणली होती आणि तिचंही चित्र मन्सूरने काढलं. त्या चित्रातला डोडो युरोपीय चित्रांतल्यासारखा फुगलेला नाही. अंगाने सडसडीत, पायांवर नीट तोललेला आहे. भोवतीचे पक्षी इतके बिनचूक आहेत की डोडोही समोर पाहूनच काढला असावा, असं अभ्यासक मानतात. जिवंत डोडोचं सर्वांत भरवशाचं रंगीत चित्र म्हणून आज याच चित्राकडे पाहिलं जातं.

डोडो कुठल्या कुळातला?

कबुतरांच्या. १८४२मध्ये डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ योहान्स राइनहार्ट यांनी कोपनहेगनची कवटी पाहून हे सांगितलं तेव्हा लोक हसले. १८४८मध्ये ह्यू स्ट्रिकलंड आणि अलेक्झांडर मेलविल यांनी ऑक्सफर्डच्या डोक्याची चिरफाड करून तोच निष्कर्ष काढला. २००२मध्ये त्याच अवशेषातल्या डीएनएने त्यावर शिक्कामोर्तब केलं. आज जिवंत असलेला डोडोचा सर्वांत जवळचा नातलग निघाला आपल्या अंदमान-निकोबारमध्ये आढळणारा निकोबारी पारवा. हिरव्या-तांबूस झळाळीची, मानेवर लांब पिसांची झालर असलेली ही देखणी जात आग्नेय आशियातल्या छोट्या बेटांवरही राहते. रॉड्रिग्ज बेटावरचा सॉलिटेअर हा डोडोचा सख्खा भाऊबंद, तोही अठराव्या शतकात संपला.

याच कुळातलं एक मोठं कोडं लिव्हरपूलच्या संग्रहालयात आहे: गडद हिरव्या अंगावर फिकट ठिपके असलेलं एक कबूतर. जॉन लॅथम यांनी १७८३मध्ये त्याचं वर्णन केलं. त्या जातीचा जगात हा एकच नमुना उरला आहे. तो कुठल्या बेटावरून आणला, कुणी मारला, काहीच लिहिलेलं नाही. निकोबारी पारव्याचंच हे एखादं विचित्र पिल्लू असेल, असं म्हणून दोनशे वर्षं अनेकांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. २०१४मध्ये त्याच्या डीएनएचे तुकडे वाचले गेले आणि ती स्वतंत्र जात ठरली, निकोबारी पारव्याची आणि डोडोची नातलग. जात कोणती ते ठरलं, तिचं गाव मात्र अजून सापडलेलं नाही.

एखाद्या जातीचा एकच नमुना उरला आहे, असं खरंच असतं का?

असतं, आणि अशा नमुन्यांसमोर उभं राहिलं की पोटात कालवतं. ताहितीच्या एका छोट्या तुतारी पक्ष्याचा एकच नमुना नेदरलँड्समधल्या लायडनला आहे. तो कॅप्टन कुकच्या सफरींच्या काळात गोळा केलेला.

पण मला विस्ताराने सांगावीशी वाटते ती मौकेच्या साळुंकीची गोष्ट. १८२४मध्ये हवाईचे राजा-राणी लंडनला गेले आणि तिथे गोवर होऊन दोघंही वारले. त्यांची पार्थिवं परत न्यायला ब्रिटिश नौदलाने ‘ब्लाँड’ हे जहाज पाठवलं. परतीच्या वाटेवर ९ ऑगस्ट १८२५ रोजी ते कुक बेटांतल्या मौकेला काही तास थांबलं. जहाजावरचे निसर्ग-अभ्यासक अँड्र्यू ब्लॉक्सम किनाऱ्यावर उतरले, तेवढ्या वेळात त्यांनी एक तपकिरी काळसर पक्षी मारला आणि वहीत टिपून ठेवला. नमुना लंडनला पोचला, पण कुठला आणि कुणाचा हे विसरलं गेलं. शंभर वर्षांहून जास्त काळ तो ‘रहस्यमय साळुंकी’ या नावाने पडून होता. १९८६मध्ये अमेरिकन अभ्यासक स्टॉर्स ओल्सन यांनी ब्लॉक्समची टिपणं आणि नमुना शेजारी ठेवून कोडं सोडवलं.

मौकेवर त्यानंतर पक्ष्यांचा जाणकार पोचला तो जवळजवळ दीडशे वर्षांनी. तोवर ती साळुंकी गेलेली होती, बहुधा उंदरांमुळे. त्या दिवशी जहाज थांबलं नसतं तर अशी जात होती हेही आपल्याला कळलं नसतं. अशा न कळता संपलेल्या जाती किती असतील? पॅसिफिकमधल्या बेटांवर सापडणारी हाडं सांगतात की नोंद झालेल्यांपेक्षा त्या कितीतरी जास्त आहेत.

ग्रेट ऑकची शेवटची जोडी कुठे आहे?

ग्रेट ऑक हा उत्तर अटलांटिकमधला, उभा राहिला की गुडघ्याच्या वर येणारा, न उडणारा समुद्रपक्षी. न्यूफाउंडलंडजवळच्या फंक बेटावर त्यांच्या प्रचंड वसाहती होत्या. मांस, तेल आणि गाद्यांत भरायची पिसं यांसाठी त्या साफ झाल्या. आइसलंडजवळ ज्या खडकावर थोडे पक्षी उरले होते, तो १८३०च्या ज्वालामुखीच्या उद्रेकात समुद्रात बुडाला. वाचलेले पक्षी जवळच्या एल्डे या कातळावर गेले. पक्षी दुर्मिळ झाला तसा कातड्याचा भाव वाढला आणि संग्राहकांसाठी शेवटच्या पक्ष्यांमागेही माणसं लागली.

३ जून १८४४ रोजी एल्डेवर उतरलेल्या कोळ्यांनी अंड्यावर बसलेली जोडी गळा दाबून मारली, अंडं फुटलं. हे सगळं आपल्याला इतक्या बारकाईने माहीत आहे, कारण जॉन वुली आणि आल्फ्रेड न्यूटन हे दोन इंग्रज १८५८मध्ये आइसलंडला गेले. पक्षी बघायला मिळेल या आशेने गेलेल्या त्यांना पक्षी दिसलाच नाही, म्हणून त्यांनी त्या मोहिमेतल्या माणसांना गाठून त्यांच्या जबान्या लिहून घेतल्या. न्यूटन यांनी पुढे समुद्रपक्ष्यांच्या संरक्षणासाठी इंग्लंडमध्ये जोर लावला आणि १८६९मध्ये तसा कायदा झाला.

त्या जोडीचे आतले अवयव कोपनहेगनमध्ये बरण्यांत जपलेले आहेत. कातडी मात्र व्यापाऱ्यांच्या हातून फिरत फिरत कुठे गेली याचा माग हरवला होता. २०१७मध्ये बरणीतल्या अवयवांचा डीएनए संशयित कातड्यांशी ताडून पाहिला, तेव्हा नराचं कातडं ब्रसेल्सच्या संग्रहालयात असल्याचं निष्पन्न झालं. जगात आज ग्रेट ऑकची सुमारे ७८ कातडी आणि ७५ अंडी आहेत. आइसलंडकडे स्वतःचा एकही पक्षी नव्हता. १९७१मध्ये लंडनच्या लिलावात एक विकायला निघाला, तेव्हा तिथल्या लोकांनी वर्गणी काढून तो विकत घेतला.

दीपगृहाच्या एका मांजरीने अख्खी जात संपवली, ही गोष्ट खरी का?

अर्धी खरी. न्यूझीलंडच्या कुक सामुद्रधुनीत स्टीफन्स नावाचं दीड चौरस किलोमीटरचं बेट आहे. १८९४मध्ये तिथे दीपगृह सुरू झालं. त्याच वर्षी मांजराने मारून आणलेले काही इवलेसे पक्षी तिथले साहाय्यक डेव्हिड लायल यांच्या हाती आले. त्यांनी ते जपून जाणकारांकडे पाठवले. जात नवीन होती, आणि गाणाऱ्या पक्ष्यांच्या गणातली असून न उडणारी, म्हणजे दुर्मिळातली दुर्मिळ. लायल यांनी ती मोजक्या वेळा जिवंत पाहिली: उंदरासारखी जमिनीवरून पळायची, उडायची नाही.

पुढच्या काही महिन्यांत लंडनला बातमी गेली, नाव कुणी द्यायचं यावरून पक्षितज्ज्ञ वॉल्टर बुलर आणि धनाढ्य संग्राहक वॉल्टर रॉथशिल्ड यांच्यात चुरस झाली, रॉथशिल्ड यांनी एका विक्रेत्याकडून नऊ नमुने घेतले. आणि १८९५मध्ये न्यूझीलंडचं एक वर्तमानपत्र लिहू लागलं होतं की पक्षी बेटावर उरलेला दिसत नाही.

‘टिबल्स’ नावाच्या एकाच मांजरीवर सगळा दोष टाकणं चुकीचं आहे. बेटावर मांजरं रानटी होऊन वाढली होती, ती संपवायला १९२५ साल उजाडलं. शिवाय ही जात पूर्वी न्यूझीलंडच्या मुख्य बेटांवरही सर्वत्र होती, हे जुन्या हाडांवरून कळतं. माओरींच्या पूर्वजांबरोबर आलेल्या उंदरांनी ती तिथे आधीच संपवली होती. स्टीफन्स हा तिचा शेवटचा आसरा होता. आज जगात या पक्ष्याचे सुमारे पंधरा नमुने आहेत.

म्हणजे संग्राहकांनीच हे पक्षी संपवले, असं म्हणायचं का?

सरसकट नाही. पण त्यांना पूर्ण सोडूनही देता येत नाही. डोडोच्या बाबतीत संग्राहकांचा संबंधच नव्हता. ग्रेट ऑकच्या शेवटच्या काही डझन पक्ष्यांचा जीव मात्र त्यांच्याच पैशांमुळे गेला. मेक्सिकोच्या ग्वादालूप बेटावर १ डिसेंबर १९०० रोजी रोलो बेक या संग्राहकाला ११ काराकारा, म्हणजे गरुडासारखे शिकारी पक्षी, दिसले आणि त्याने त्यातले नऊ मारले. पक्षी माणसाला घाबरत नव्हते म्हणून ते भरपूर असतील, असा त्याचा समज झाला. ती जात पुन्हा दिसली नाही. बकऱ्यांची करडं खातात म्हणून तिथल्या पाळणाऱ्यांनी ती आधीच जवळजवळ संपवत आणली होती.

न्यूझीलंडच्या हुइया या पक्ष्याचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे. यातल्या नराची चोच आखूड आणि मादीची लांब, बाकदार. असा फरक दुसऱ्या पक्ष्यांत क्वचितच दिसतो. माओरींमध्ये त्याचं शेपटीचं पीस मानाचं. १९०१मध्ये ब्रिटिश राजघराण्यातल्या पाहुण्याने ते टोपीत खोवलं आणि मागणी भडकली. त्यात जंगलतोड होती, उंदीर होते, संग्राहकही होते. खात्रीची शेवटची नोंद २८ डिसेंबर १९०७ची. २०२४मध्ये ऑकलंडच्या लिलावात हुइयाचं एक पीस सेहेचाळीस हजारांहून जास्त न्यूझीलंड डॉलरना गेलं. असे भाव मला सुन्न करतात, कारण याच हावेने त्या पक्ष्याला पुरतं घेरलं होतं.

हे नमुने टिकतात कसे? हात लावला तर चालतो का?

अभ्यासासाठी ठेवलेला पक्षी काचेत उभा नसतो. कातडं सोलून, आतून कापूस भरून, चोच पुढे आणि पाय मागे करून तो उताणा झोपवलेला असतो आणि पायाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली असते. खण लोखंडी, घट्ट बंद, अंधारातले. उजेडाने रंग उडतात आणि कातडं कुरतडणाऱ्या किड्यांच्या अळ्या काही महिन्यांत अख्खा पक्षी फस्त करतात.

यावर उपाय सापडला अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये: सोमलाचा साबण. कातड्याला आतून तो फासला की कीड लागत नाही. डोडो त्याच्या आधीच्या काळातला, म्हणून तो किडला. एकोणिसाव्या शतकातले पक्षी टिकले ते या विषामुळेच. त्यामुळे जुना नमुना उघड्या हाताने धरू नये, हातमोजे घालूनच धरावा. डीएनएसाठी आता बहुधा पायाच्या तळव्याची एक बारीकशी कपची काढतात, पिसांना धक्का लागत नाही.

जगातल्या मोठ्या पक्षिसंग्रहांपैकी एक इंग्लंडमध्ये ट्रिंगला आहे, साडेसात लाखांच्या आसपास कातड्यांचा. अ‍ॅलन ह्यूम यांनी १८८५मध्ये दिलेले भारतातले सुमारे ८२ हजार पक्षी आणि अंडीही त्याच संग्रहाचा भाग आहेत. २००९मध्ये तिथून २९९ पक्ष्यांची चोरी झाली, मासेमारीचे शोभिवंत गळ बनवायच्या पिसांसाठी. बरेच परत मिळाले, पण अनेकांच्या चिठ्ठ्या फाडून टाकलेल्या होत्या.

चिठ्ठीला एवढं महत्त्व का?

कारण पक्षी कुठे, कधी, कुणी घेतला हे फक्त चिठ्ठी सांगते. ती खोटी असेल तर काय होतं, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलं आहे. पक्षी बेटावरचा नाही, तरी इथे सांगायलाच हवा.

वनपिंगळा हे छोटं घुबड ह्यूम यांनी १८७३मध्ये जगासमोर आणलं. एकोणिसाव्या शतकात त्याचे मोजके नमुने मिळाले, त्यातले काही जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात घेतलेले. त्यानंतरचा एकमेव नमुना होता रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचा, चिठ्ठीवर लिहिलेलं १९१४, मांडवी, गुजरात. शोध घेणारे त्या चिठ्ठीवर विसंबून नको तिथे शोधत राहिले, आणि पिंगळा संपला असंच ठरत आलं. मग अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने बारकाईने तपासले. माइनर्ट्झहागेनचा पक्षी डेव्हिडसनचाच होता, संग्रहातून चोरून, पुन्हा भरून, खोटी चिठ्ठी लावलेला. खोटी नोंद बाजूला काढली आणि रासमुसेन आपल्या सहकाऱ्यांसह खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागी गेल्या. नोव्हेंबर १९९७मध्ये नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ सकाळच्या उन्हात वनपिंगळा बसलेला दिसला. पुढे तो मेळघाटात आणि तानसा अभयारण्यातही सापडला.

बेटावरचे ‘नामशेष’ पक्षी असे परत सापडले आहेत का?

हो. न्यूझीलंडचा ताकाहे, निळ्या-हिरव्या पाणकोंबडीसारखा मोठा पक्षी, १८९८नंतर संपला असं मानत होते. १९४८मध्ये डॉक्टर जेफ्री ओर्बेल यांना तो डोंगरात जिवंत मिळाला. बर्म्युडाचा काहाऊ हा समुद्रपक्षी सुमारे तीनशे तीस वर्षांनी १९५१मध्ये सापडला. न्यूझीलंडचा एक छोटा वादळपक्षी फक्त तीन जुन्या कातड्यांवरून माहीत होता. २००३मध्ये समुद्रात त्याचे फोटो मिळाले, आणि ते त्याचेच आहेत हे ठरवायला ती तीन कातडीच कामी आली.

अगदी आपल्या काळात संपलेले पक्षी कोणते?

हवाईतल्या काउआई बेटावरच्या ओओ या पक्ष्याचा आवाज शेवटचा ऐकू आला १९८७मध्ये. त्या नराचं गाणं ध्वनिमुद्रित आहे. या पक्ष्यांत नर-मादी मिळून गात, पण त्या मुद्रणात मादीच्या वाट्याच्या जागा रिकाम्या आहेत. माउई बेटावरचा पोओउली तर १९७३मध्ये सापडला आणि नोव्हेंबर २००४मध्ये शेवटचा ओळखीचा पक्षी पिंजऱ्यात मेला. त्याच्या पेशी सॅन डिएगोमध्ये गोठवून ठेवल्या आहेत.

डोडो संपल्यामुळे एक झाडही संपत चाललंय, हे खरं का?

नाही. तांबालाकोक या मॉरिशसच्या झाडाचं बी डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय रुजत नाही, असं १९७७मध्ये मांडलं गेलं होतं. बी त्याशिवायही रुजतं आणि डोडोनंतर उगवलेली झाडं आहेत. ही गोष्ट अजूनही पाठ्यपुस्तकांत आणि फॉरवर्डमध्ये फिरते.

डोडो पुन्हा जिवंत करता येईल का?

एका अमेरिकन कंपनीने २०२३मध्ये तसा बेत जाहीर केला. निकोबारी पारव्याच्या जनुकांत बदल करून डोडोसारखा पक्षी घडवायचा, अशी कल्पना आहे. घडलाच तर तो डोडोसारखा असेल, डोडो नसेल. आणि तो सोडायचा कुठे? उंदीर, माकडं, मांजरं मॉरिशसमध्ये अजून आहेत. मला याहून जास्त विश्वास वाटतो तो तिथे झालेल्या कामावर. १९७४मध्ये मॉरिशसच्या ससाण्याचे रानात फक्त चार पक्षी माहीत होते, आज ते शेकडोंत आहेत. १९९०च्या सुमारास रानात दहाच्या आसपास उरलेलं गुलाबी कबूतरही सावरलं आहे. न्यूझीलंडच्या चॅथम बेटांवरचा काळा रॉबिन १९८०मध्ये पाचवर आला होता, त्यात अंडी घालणारी मादी एकच. तिच्या वंशातून आज दोनशेहून जास्त पक्षी आहेत.

हे पाहायला कुठे जावं?

मॉरिशसला जाणं सोपं आहे. तिथे पिढ्यानपिढ्या राहणारा मराठी समाज आहे, त्यामुळे आपल्याकडून नात्यागोत्यात जाणारेही पुष्कळ असतात. पोर्ट लुईचं निसर्गेतिहास संग्रहालय पाहा. तिरियूंनी शोधलेला सांगाडा तिथलाच. मग माहेबुर्गजवळच्या ईल-ओ-झेग्रेत या छोट्या राखीव बेटावर जा, तिथे गुलाबी कबुतरं मोकळी फिरतात. फक्त समुद्रकिनारा बघून परतू नका. युरोपात असाल तर ऑक्सफर्ड आणि ट्रिंग.

आमच्या घरी आजोबांच्या वेळचा पेंढा भरलेला पक्षी आहे. काय करू?

धूळ झटकू नका, उघड्या हाताने धरू नका, मुलांच्या हाती देऊ नका, कारण आत सोमल असू शकतो. चिठ्ठी असेल तर ती पक्ष्यापासून कधीही वेगळी करू नका. मागे-पुढे जे लिहिलं असेल त्याचा फोटो काढा, आणि घरात कुणाला तो कुठून आला ते आठवत असेल तर आजच लिहून ठेवा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मुळे असा पक्षी विकणं किंवा नोंदीशिवाय बाळगणं गुन्हा ठरू शकतं, म्हणून ऑनलाइन विकायला टाकू नका. आधी जवळच्या वन विभागाच्या कार्यालयात विचारा, आणि जात कोणती ते जाणून घ्यायला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला फोटो पाठवा.